पांदणीनं रोज अर्धा तास: गावात फिरायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. घरी कापूस-तुरीची कोरडवाहू शेती आहे आणि मी स्वतः शिवणकाम करते. लग्नसराईत दिवसाचे नऊ-दहा तास मशीनवरच जातात. चार वर्षांपूर्वी आशाताईंनी तीस वर्षांवरच्या सगळ्यांना तपासणीला नेलं, तेव्हा माझी उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "रोज अर्धा तास फिरायला जात जा."

कुठं जायचं, किती वाजता, पायात काय घालायचं, पावसाळ्यात काय करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. फिरण्याबद्दल जे काही वाचायला मिळालं, त्यात बगिचे होते, फुटपाथ होते. आमच्याकडे चिकट काळी माती, बाभळीचे काटे, मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन आणि गावकुसाबाहेर गेलेल्या बाईकडे वळून बघणारी माणसं. पहिले सहा महिने मी चुका करण्यातच घालवले. तुमचे तेवढे तरी वाचावेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

"वावरात काय कमी चालतो का?"

हा प्रश्न तुम्हाला घरातूनच येईल. मलाही माझ्या नवऱ्यानं हेच विचारलं होतं, आणि त्यात चूक काही नाही. पण जरा मोजून बघा. आता आपण वावरापर्यंत गाडीनं जातो. पूर्वी बंडीच्या मागं चालत जाणारी माणसं आज अर्ध्या किलोमीटरलाही गाडीला किक मारतात. तिथं गेल्यावर निंदण असतं वाकून, कापूस वेचणी असते एकाच जागी रेंगाळत, फवारणी असते पाठीवर जड पंप घेऊन. या कामांनी अंग दुखतं, पण श्वास एका लयीत वाढलेला, पाय मोकळे आणि पाठ ताठ, असं अर्धा तास सलग होत नाही. शिवाय वावरात डोकं कामातच असतं: खत किती राहिलं, मजूर आले का, बोंडअळी दिसते का.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल सांगते. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० झाली.

साखर का उतरते तेही सांगते, कारण मला ते समजलं तेव्हापासून माझा खाडा कमी झाला. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी आहेत. ते चालायला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिन नीट काम करत नसलं तरीही बऱ्याच अंशी घेतात. म्हणूनच रात्रीच्या जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं घातलेल्या येरझाऱ्याही उपयोगी पडतात. गुडघ्याचंही तसंच. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पाऊल टेकताना ती दाबली जाते, उचलताना सैल होते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातूनच तिला पोषण मिळतं. "गुडघे दुखतात म्हणून चालत नाही" असं म्हणत मी दोन वर्षं बसून होते. त्या बसण्यानंच ते जास्त आखडले.

मनाचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ झाडांत, मोकळ्या जागेत घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. १२० मिनिटं एकदाच घालवा की थोडी थोडी, फरक पडला नाही. शहरातल्या माणसाला तेवढ्यासाठी गाडी काढून बाहेर पडावं लागतं. आपल्याला दारातून निघून शेवटचं घर ओलांडलं की झालं.

१. आधी तपासणी

तुमचं वय तीसच्या वर असेल तर गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. आशाताईंना सांगितलं की त्या फॉर्म भरून घेतात. सोबत न्यायचं:

- आधार कार्ड, आणि काढलं असेल तर आभा (आरोग्य खात्याचं) कार्ड
- आधीच्या तपासण्यांचे कागद
- चालू गोळ्यांची पाकिटं (नाव सांगण्यापेक्षा पाकीट दाखवणं बरं)

छातीत कधी दुखलं असेल, थोडं चालूनही दम लागत असेल, पायावर सूज येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारावा: सकाळी उपाशीपोटी चाललं तर साखर फार खाली जाईल का? काही गोळ्यांनी जाते. मला दुसऱ्या महिन्यात एकदा नाल्याच्या पुलाजवळ दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले. मोठ्या जाऊबाई सोबत होत्या, त्यांनी जवळच्या घरून साखर आणून खाऊ घातली. तेव्हापासून माझ्या पदराच्या गाठीत गुळाचा खडा असतो.

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी चालायला हरकत नसते, पण डॉक्टरांना विचारून, सावकाश, पाणी पीत, आणि कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हात न जाता. दम लागेपर्यंत चालणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे.

२. सामान

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते लागतंच.

- बंद बूट. महागाचे नकोत, पण टाच घट्ट धरणारे आणि जाड तळाचे हवेत. चपलेत बाभळीचा काटा सरळ वर येतो.
- मोजे. दिवाळीनंतर त्यांत कुसळं भरतात, म्हणून एक जोड फिरण्यासाठीच वेगळा ठेवा.
- काठी, साधारण छातीपर्यंत उंच. कुत्र्यांसाठी, गवत बाजूला सारायला आणि चिखलात तोल सांभाळायला.
- टॉर्च. मोबाइलचा नको. पडला की अंधारही होतो आणि फोनही जातो.
- दुपट्टा किंवा मोठा रुमाल.
- पाण्याची लहान बाटली.
- एका कागदावर नाव, गाव, घरचा नंबर, आजार आणि गोळ्या लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात.

बूट घेताना माझी चूक झाली. सकाळी दुकानात जाऊन अगदी मापाचे घेतले. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा मोज्यासकट घालून बघावेत आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा सुटावी. माझ्या अंगठ्याचं नख काळं पडून निघून गेलं, तेव्हा हे कळलं.

दवात अनवाणी चालल्यानं डोळे सुधारतात, साखर जाते, असं पुष्कळ जण सांगतील. साखर असलेल्यांनी हे अजिबात ऐकू नये. साखरेनं पायाची जाणीव कमी होते, काटा मोडलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय उजेडात बघायची सवय लावा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून बघा.

३. वाट निवडा

अंतर आणि वेग नंतर बघता येईल. वाट चुकली तर माणूस आठ दिवसांत घरी बसतो.

बहुतेक गावांत तीन प्रकारच्या वाटा असतात. पहिली डांबरी सडक. चालायला सोपी म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली. पण पहाटे त्या सडकेवर दुधाच्या गाड्या, रेतीचे टिप्पर, संत्र्याचे ट्रक भरधाव असतात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात त्यांना आपण दिसत नाही. एका सकाळी टिप्पर माझ्या अगदी खांद्याजवळून गेला. त्या दिवसापासून मी सडक सोडली. तुमच्याकडे दुसरी वाटच नसेल तर उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चाला आणि अंगावर पांढरं किंवा पिवळं काहीतरी असू द्या.

दुसरी वाट म्हणजे गावाला लागून असलेला कडेचा रस्ता. काही गावांत तिथं अजूनही घाण असते. पहाटे तिकडं गेलेल्या बाईकडे लोक एकाच अर्थानं बघतात, कारण पूर्वी त्या वेळी बाया तिकडं फक्त उघड्यावर बसायलाच जात. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला गुड मॉर्निंग पथकं फिरायची ते दिवस सगळ्यांना आठवतात. हा संकोच खरा आहे. मी त्यावर उपाय केला तो असा: उजाडल्यावरच निघायचं, पायात बूट, हातात काठी, आणि गावाच्या मुख्य चौकातून सगळ्यांसमोरून जायचं.

तिसरी वाट पांदण, म्हणजे वावरांमधून जाणारी गाडीवाट, आणि चालायला हीच सगळ्यात चांगली. दोन्ही बाजूंना धुरे (बांध), धुऱ्यावर कडुनिंब, बोरी, हिवर, पळस, मधून बैलबंडीची चाकोरी. आता मातोश्री पाणंद रस्ते योजनेत पुष्कळ पांदणींवर मुरूम पडला आहे, त्यामुळे त्या पावसाळ्यातही चालण्याजोग्या झाल्यात. डांबरापेक्षा मुरूम-माती गुडघ्याला सोसते, आणि थोड्या उंचसखल जमिनीवर घोट्यांना तोल सांभाळायची सवय लागते. साठीच्या पुढच्यांना याचा फार उपयोग आहे, कारण पडणं टळतं. चाल मात्र हळू ठेवा.

पांदण निवडताना या चार गोष्टी बघा:

- वाटेत निदान एक वस्ती किंवा माणसं असलेली विहीर, गोठा हवा. हाक मारली तर ऐकू जायला पाहिजे.
- मोबाइलला रेंज कुठं मिळते आणि कुठं जाते, हे दिवसा एकदा फिरून बघून ठेवा.
- गोठ्यावरची कुत्री कोणाची, बांधलेली असतात का? मालकाला भेटून सांगून ठेवा. दोन-तीन दिवस मालक समोर असताना जा, कुत्री ओळखायला लागतात.
- धुऱ्यावर तारा आहेत का?

तारांचं सविस्तर सांगायला हवं. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरतात म्हणून कास्तकार कुंपण करतात. त्यातलं सौर झटका मशीन जोरात झटका देतं, पण त्याचा प्रवाह क्षणभराचा असतो. काही जण मात्र खांबावरून थेट आकडा टाकून बारीक तारेत करंट सोडतात. ते बेकायदेशीर आहे आणि जीवघेणं आहे. त्यात माणसंही गेली आहेत, वाघही गेले आहेत. ही तार जमिनीपासून वीतभर उंचीवर, गवतात लपलेली असते आणि रात्री सुरू असते. म्हणून नियम एकच: उजाडायच्या आत पांदण सोडून कोणाच्याही वावरात पाय टाकायचा नाही. जवळचा रस्ता म्हणूनही नाही, बोरं दिसली म्हणूनही नाही.

४. वेळ: घड्याळ एक नको

शहरातली माणसं बारा महिने सहाला निघतात. आपल्याकडे ते चालत नाही. मेअखेरीस साडेपाच-पावणेसहाला सूर्य वर येतो, तर जानेवारीत पावणेसात होऊन गेले तरी येत नाही. मी वर्षाचे चार भाग केलेत.

उन्हाळा, मार्च ते मृग. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ४४-४५ तर आपल्याला दरवर्षीचं आहे. पहाटे तांबडं फुटलं की (मेअखेरीस पाच-सव्वापाचला) निघायचं आणि सात वाजायच्या आत घरी यायचं. संध्याकाळी सातपर्यंत जमीनच वाफा टाकत असते, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळचं फिरणं मी बंद ठेवते. निघताना पेलाभर पाणी, आल्यावर ताक किंवा कैरीचं पन्हं. साखर असेल तर पन्ह्यात गूळ घालू नका. खिशात कांदा ठेवायची आपली रीत आहे, ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाणी टाळू नका. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तोल जातोय, अशी अवस्था दिसली तर तो उष्माघात असतो. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडानं अंग पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळा. काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत एकेक पाय किलोभर होतो. चिखलाच्या दिवसांत मी पांदण सोडून शाळेच्या मैदानाला चकरा मारते, किंवा मुरमाच्या तुकड्यावरच येरझाऱ्या घालते. कंटाळवाणं आहे, पण मोडलेल्या मनगटापेक्षा बरं. विजेचं भान ठेवा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती जवळ आहे, लगेच पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही, मग पाऊस कितीही येऊ दे. फोनमध्ये दामिनी हे ॲप घेऊन ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यात मिळतो.

पोळ्याच्या आसपासपासून दिवाळीपर्यंत फवारणीचा काळ. याकडे कोणीच लक्ष देत नाही म्हणून ठासून सांगते. २०१७ साली याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढलेली असते, हवा कोंडलेली असते, आणि फवारणीही बहुतेक सकाळीच सुरू होते. औषधाचा वास आला की वाट बदला, फवारणीवरचा वारा अंगावर येणार नाही अशा बाजूनं जा. आदल्या दिवशी कोणाचं फवारणं आहे, हे विचारून ठेवता येतं. आणि धुऱ्यावरची तरोट्याची किंवा कुंजराची भाजी फवारलेल्या वावराजवळून खुडू नका, कितीही कोवळी दिसली तरी.

हिवाळा. हे आपलं सोनं आहे. ऊन अंगावर घ्यायचे दिवस, म्हणून मी साडेसातला निघते आणि कधी कधी दुपारी चारलाही जाते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पहाटेच्या थंडीत बाहेर पडू नये. कान आणि छाती झाकून, ऊन आल्यावर निघावं.

५. किती चालायचं

पहिला आठवडा पंधरा मिनिटं. जाताना सात, येताना आठ. तुम्हाला वाटेल हे काहीच नाही, आणखी जाऊ. जाऊ नका. मी पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर गेले आणि चार दिवस गुडघा सुजवून बसले. त्यानंतर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्यात तीस होतात. पुढं पंचेचाळीसपर्यंत जायचं की नाही ते तुमच्या पायांना विचारा.

वेगाची खूण सोपी आहे. सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी आरामात म्हणता येत असेल तर चाल वाढवा, बोलतानाच धाप लागत असेल तर कमी करा.

फोनमधल्या पावलांच्या आकड्याच्या मागं लागू नका. १०,००० पावलांचा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून पसरला, कोणत्या वैद्यकीय तपासणीतून आलेला नाही. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या बायांवरच्या, २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचंही मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलांवाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढं फायदा फारसा वाढला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगा, त्यांना धीर येतो.

चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम अंधारी आली तर जिथं असाल तिथं बसा आणि १०८ लावा. "घरी जाऊन बघू" म्हणू नका.

६. कानात काही घालू नका

सुरुवातीला मी फोनवर भजनं लावून चालायची. एका सकाळी मागून बैलबंडी अगदी जवळ आली तरी मला कळलं नाही. म्हणून ते बंद केलं, आणि त्यानंतरच फिरणं मला खऱ्या अर्थानं आवडायला लागलं.

आपण इथंच जन्मलो, तरी या वाटेवरचं निम्मं आपण बघितलेलं नसतं. फेब्रुवारीत पळस पानं टाकून केशरी होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि त्याचा गोड, जड वास आधीच्या वळणावरच लागतो. मे महिन्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लटकतो, आणि पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ओरडायला लागतो. पहिल्या पावसानंतर मातीत लाल मखमली मृगाचे किडे. श्रावणात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे. थंडीत तारेवर नीळकंठ बसलेला असतो, उडाला की पंखांची निळाई दिसते. हरभऱ्याच्या पानांवरच्या दवाला आंबट चव येते, बोट लावून जिभेवर ठेवून बघा.

रोज एक गोष्ट बघून यायची आणि घरी आल्यावर कोणाला तरी सांगायची, एवढंच मी ठरवलं. माझा मुलगा दहावीत होता, तो आधी ऐकायचा नाही. पण टिटवीनं उघड्या मुरमावर चार अंडी घातल्याचं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो स्वतः उठून आला. अंडी खड्यांच्या रंगाची होती. त्याला शोधायला दहा मिनिटं लागली, आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती म्हणून आम्ही लगेच मागं झालो.

झोपेचा फायदाही इथूनच येतो. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप येते. लग्नसराईत मशीनवर बारा-एक वाजेपर्यंत बसून माझी झोप पार मोडली होती. ती परत यायला साधारण तीन आठवडे लागले. गोळी बंद झालेली नाही, पण साखर आता आटोक्यात आहे. गोळी कमी करायची की नाही, हे तुमच्याही बाबतीत डॉक्टरांनीच ठरवायचं.

७. जनावरं, किडे, ताप

साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटत चाला. चावला तर पाय हलवू नका, वर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. सरळ ग्रामीण रुग्णालय. प्रतिविष कुठं मिळतं, हे आजच आशाताईंना विचारून कागदावर लिहून ठेवा.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची साथ आली होती. फिरून आल्यावर अंघोळ करा, कपडे बदला. ताप आला, डोकं फार दुखलं आणि अंगावर कुठं काळी खपली दिसली (काखेत, जांघेत, कमरेला बघा), तर डॉक्टरांना "मी रोज गवतातून फिरते" हे आवर्जून सांगा. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

वाघ आणि अस्वल. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि आमच्या बोर व्याघ्र प्रकल्पाकडच्या गावांना हे सांगायला नको, पण नवीन सून किंवा बदलून आलेले गुरुजी असतील त्यांच्यासाठी लिहिते. जंगलाला लागून गाव असेल तर सूर्य पूर्ण वर आल्यावर, तिघाचौघांनी, बोलत जायचं. झुडपाजवळ वाकून किंवा बसून राहायचं नाही. मोहफुलांच्या दिवसांत अस्वल मोहाखाली येतं, तेव्हा ती वाट सोडायची. पंजे दिसले की मागं फिरा आणि वनरक्षकांना किंवा १९२६ या वनविभागाच्या नंबरवर कळवा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंदी आहे. "आमचं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं जंगल आहे" हे मनात असलं, तरी फिरण्यासाठी आत जाऊ नका.

८. लोक विचारतील

"काहून वं, सकाळून सकाळून कुठं चालली?" पहिला महिना हे रोज ऐकलं. मी खोटी कामं सांगायची: वावरात चालले, दूध आणायला चालले. त्यानं प्रश्न थांबले नाहीत. मग एक दिवस सरळ सांगितलं, "काकू, साखर निघाली आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलं." काकूंनी स्वतःचे गुडघे दाखवले, आणि पुढच्या सोमवारी त्याच आमच्याबरोबर निघाल्या. आता आम्ही पाच जणी आहोत.

कोणी म्हणालं की ही शहरी लोकांची हौस आहे, तर सेवाग्रामचं सांगा. १९३६ मध्ये गांधीजी तिथं, म्हणजे तेव्हाच्या सेगावात, राहायला आले आणि सकाळ-संध्याकाळचं फिरणं त्यांनी तिथंही चालू ठेवलं. पवनारचे विनोबा तर १९५१ पासून पुढं तेरा वर्षांहून जास्त काळ देशभर पायी फिरले. शेगावच्या पायी वारीला जाणारी माणसं तर तुमच्याही गावात असतील. पण वारीत वर्षातून एकदा दीडशे किलोमीटर चालणं वेगळं आणि रोजचा अर्धा तास वेगळा. वारीहून आल्यावर "वर्षाचं झालं" असं मानून बसू नका.

सोबतीण शोधताना तिची चाल तुमच्यासारखी आहे का ते बघा. माझ्या जाऊबाई सावकाश चालतात, म्हणून आम्ही दोघी जाताना सोबत असतो, आणि पुलापासून मी पुढं जाऊन परत येते. मला थांबावं लागत नाही, त्यांनाही ओढलं जात नाही.

९. खाडा पडला तर

पडणारच. पेरणीत पडतो, वेचणीत पडतो, लग्नात, आजारपणात पडतो. वेचणीच्या दिवसांत मी दहा-बारा दिवस जातच नाही. त्या दिवसांत रात्रीच्या जेवणानंतरची अंगणातली पंधरा मिनिटं तेवढी ठेवते, म्हणजे साखर फार चढत नाही.

परत सुरू करताना जिथं सोडलं तिथून धरू नका. आठवड्याहून जास्त खंड पडला असेल तर पहिल्या दिवशी पुन्हा पंधराच मिनिटं. बूट आधी उलटे करून झाडा, आत विंचू बसलेला असू शकतो. आणि धुऱ्यावर नवी तार लागली आहे का, हे त्या दिवशी उजेडात एकदा पाहून घ्या.